अर्ध्या तहानेवर इंदौर

मागच्या हिवाळ्यात पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत एक गोष्ट कानोकानी फिरली. म्हणे, प्रभाकर कळंब्याला जवायानं दारातूनच वापस केलं. बिचारा विमानानं गेला होता, संत्र्याची पेटी आणि तिळाचे लाडू घेऊन. इंदौरच्या जवायानं पेटी आत घेतली आणि सासऱ्याला बाहेर ठेवलं. सांगणारा आवाज खाली करायचा, कारण आवाज खाली केल्याशिवाय अशी गोष्ट गोड लागत नाही. तिगावच्या स्टेशनवर ती पोचली तेव्हा तिच्यात जवायानं अंगावर कुत्रं सोडलं होतं. मोहगावात पोचेपर्यंत कुत्र्याची जातही निघाली.

पुरावा म्हणाल तर एकच होता. इंदौरहून आल्यापासून प्रभाकरभाऊ विमानाचं नाव काढत नव्हता. आणि ज्याला प्रभाकरभाऊ ठाऊक होता, त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

प्रभाकर कळंबे म्हणजे पांढुर्ण्याच्या मेन रोडवरचं बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. माणूस साठीच्या आतबाहेर, मिशी काळी केलेली, आणि काउंटरमागं अशा थाटात बसणारा की गिऱ्हाइकाला वाटावं आपण युरिया मागायला नाही, अर्ज द्यायला आलो. काही वर्षांमागं बोंडअळीनं तालुक्याचा कापूस खाल्ला. त्या साली याचं औषध तुफान खपलं. अळी मेली नाही, पण प्रभाकरभाऊ गोव्याला गेला. जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना औषधाच्या एका कंपनीनं सहल दिली होती, नागपूरहून विमानानं. ज्यांच्या शेतात अळी तशीच राहिली, त्यांच्याच जिवावर हा ढगात जाऊन आला. आल्यावर सगळ्यात आधी त्यांनाच ढगांचं वर्णन ऐकवलं.

त्या दिवसापासून माणूस बिघडला. विमानाचा पास त्यानं काउंटरच्या काचेखाली, लक्ष्मीच्या फोटोशेजारी ठेवला. लक्ष्मीला थोडं सरकावं लागलं. पुढं पुढं दोन विमानतळांची नावं घ्यायची खोटी, की हा मोबाइलात पाहून त्यांच्यातलं अंतर आणि उडायचा वेळ सांगणार. नागपूर-रायपूर पावणेतीनशे किलोमीटर, पाऊण तास. जबलपूर-भोपाळ तेवढंच. जिथं विमान जात नाही तिथलंही सांगायचा, कारण मोबाइलला कुठं ठाऊक की विमान जात नाही. एखादा शेतकरी संत्र्याच्या झाडाला डिंक्या रोग लागला म्हणून रडत यायचा आणि रायपूरचा वेळ ऐकून परत जायचा. डिंक्या राहायचा जागच्या जागी.

त्याच्या दुकानात रोज सकाळी मधुकर वासनिक येऊन बसायचा. नगरपालिकेतून रिटायर झालेला, शाळेपासूनचा दोस्त, आणि पेपर फुकट वाचायचा असल्यामुळं दोस्ती टिकवून धरलेला. एकदा प्रभाकरभाऊ त्याला म्हणाला की सौंसर म्हणजे काय, विमानानं चार मिनिटं. मधुकरनं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "अन उतरशीन कुठी? कापसात?"

प्रभाकरभाऊला असले प्रश्न गावंढळ वाटायचे. उतरणं हा त्याच्या लेखी विमानाचा भागच नव्हता. घरून विमानतळापर्यंत जाणं, तिथं ताटकळणं, उतरल्यावर गावात पोचणं, हे सगळं तो हिशोबातून असं उडवून द्यायचा जसं तोलातून रिकाम्या गोणीचं वजन.

गोव्याच्या त्या सहलीतली एक गोष्ट मात्र त्यानं कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. विमानातल्या संडासाचं दार घडीचं असतं. आत जाणं जमलं, बाहेर येणं जमेना. आतून दारावर थापा दिल्या, तेव्हा विमानातल्या पोरीनं बाहेरून दार उघडलं आणि जवळच्या चार रांगांनी प्रभाकर कळंबे नीट पाहून घेतले. तेव्हापासून त्याचा नेम होता. विमानात बसायच्या दिवशी झोपेतून उठल्यापासून उतरेपर्यंत घसा कोरडा ठेवायचा. पोटात पाणीच नाही तर दाराशी संबंध नाही.

हा नेम ध्यानात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

तर अशा माणसाची लेक गायत्री. एम.एस्सी. झालेली, डोक्यानं आईवर गेलेली, बापाची विमानं ऐकून तोंडावर ओढणी धरून हसणारी. तिला इंदौरचं स्थळ आलं. मुलगा चेतन, कंप्युटरच्या कंपनीत, घर मराठी, विहीण सुधाबाई बोलायला मोकळी. मुलीला पसंत, मुलाला पसंत. अडलं ते पाण्यावर.

कळंब्यांच्या घरात रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही. जेवण तर दूरच. आणि स्वतःचं पाणी घेऊनही त्या घरात बसायचं नाही, कारण तो त्यांच्या माठाचा अपमान. म्हणून या घरात सोयरिकीचं अंतर कोसात कधी मोजलं नाही. म्हातारे म्हणत, लेक एका तहानेवर द्यावी. म्हणजे बापानं घरून पाणी पिऊन निघावं, लेकीला पाहावं, आणि ओठ सुकायच्या आत वेशीबाहेर पडावं. सौंसर एका तहानेवर. मुलताई एका तहानेवर. घरातली एक लेक नागपूरला दिली तेव्हाही कुरकुर झाली होती.

या रितीची राखण करायला सौंसरला केसरबाई बसली होती. प्रभाकरभाऊच्या बापाची बहीण, म्हणजे याची आत्या. वय ऐंशीच्या पुढं, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. ती स्वतः पांढुर्ण्याची सौंसरला दिलेली. तिचा बाप बैलगाडीनं यायचा, ओट्यावर टेकायचा, लेकीला डोळे भरून पाहायचा आणि सुकल्या तोंडानं निघून जायचा. केसरबाई आतून त्याचे ओठ पाहायची. पाण्याचा तांब्या हातात असायचा आणि द्यायची सोय नसायची. ती तहान तिनं पाहिली होती, म्हणून इंदौर म्हटल्यावर तिनं मान हलवली ती आडवीच. तिचा होकार आल्याशिवाय घरात मांडव उभा राहत नसे.

मग सौंसरला तिच्या घरी बैठक बसली. प्रभाकरभाऊ, त्याची बायको रजनी, चार नातेवाईक, आणि गाडी चालवत आलेला मधुकर. चहा झाला. केसरबाईनं सरळ विचारलं, "इंदौर किती तहानेवर हाय?"

प्रभाकरभाऊ या प्रश्नाचीच वाट पाहत होता. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "आत्याबाई, नागपूरच्या विमानतळापासून इंदौरच्या विमानतळापर्यंत तीनशे ऐंशी किलोमीटर. एक तास पाच मिनिटं. म्हणजे अर्धी तहान."

नातेवाईक एकमेकांकडे पाहू लागले. रजनीनं जमिनीकडे पाहिलं. मधुकरला मात्र राहवलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, इंदौर आपल्या समोर अन नागपूर आपल्या पाठीमागं. तू आधी उलटा नागपूरले जाशीन, तिथून उडून आपल्याच गावाच्या बाजूनं वापस येशीन, अन मंग इंदौरले जाशीन. हे तं असं झालं का शेजारच्या घरी जाले सौंसरहून जाऊन राहिला."

प्रभाकरभाऊनं त्याला सांगितलं की ही गाडीवाल्याची अक्कल आहे, वरचं गणित वेगळं असतं. मधुकर म्हणाला असेल बापा, आमच्यात तं लेकीच्या घरी पाणी पेतात, जेवतात अन झोपूनही येतात, म्हणून आमाले गणित येत नाई.

लोक हसले. हसले ते प्रभाकरभाऊला लागलं. आणि ज्याला हसू लागतं तो माणूस नको तेवढं बोलतो. तो उठून उभा राहिला आणि केसरबाईसमोर म्हणाला, "आत्याबाई, गायत्रीच्या घरचं घोटभर पाणी पेलो, तं या तोंडानं पुन्हा विमानाचं नाव काढणार नाई. देवाशपथ."

केसरबाईनं पदर सावरला. "ध्यानात ठेवीन," एवढंच म्हणाली. होकार मिळाला. लग्न झालं. गायत्री इंदौरला गेली, गाडीनं, कारण विमानात वऱ्हाड मावत नाही. हे गणित त्याच्या मोबाइलात नव्हतं.

पहिली संक्रांत आली. लेकीच्या पहिल्या संक्रांतीला बापानं तिळवा घेऊन जायचं असतं. प्रभाकरभाऊनं अख्ख्या मेन रोडला ऐकू जाईल असं जाहीर केलं की सकाळी जातो, संध्याकाळी येतो. रजनीनं तिळाचे लाडू बांधले. बगीच्यातल्या निवडक संत्र्यांची पेटी भरली. ती म्हणाली रात्रीच्या रेल्वेनं जा, मधात एक गाडी बदलली की झालं. उत्तर द्यावं असं बायका काही बोलत नाहीत, असं त्याचं मत होतं.

पहाटे अंधारात गाडी निघाली, इंदौरकडे पाठ करून. नेमाप्रमाणं त्यानं चूळ भरली, पण घोट घेतला नाही. नागपूरच्या विमानतळावर हा सूर्याच्या आधी पोचला आणि कळलं की विमान जिकडून यायचं होतं तिकडं धुकं आहे. धुकं कोणाचं ऐकत नाही, प्रभाकर कळंब्याचं तर नाहीच. एक तास गेला, दुसरा गेला. समोर पिण्याच्या पाण्याचा नळ होता. लोक येत, बाटल्या भरत, घटाघटा पीत. प्रभाकरभाऊ नळाकडे पाही आणि त्याला ते घडीचं दार आठवे. वेळ काढायला त्यानं जवळचा खारा चिवडा खाल्ला. शहाणा माणूस.

शेवटी सूर्य डोक्यावर आल्यावर विमान उडालं. खिडकीतून त्यानं खाली पाहिलं. थोड्या वेळात संत्र्याचे बगीचे दिसू लागले, हिरवे चौकोन, अगदी आपल्या शिवाराकडचे वाटावेत असे. मधुकर खरा होता. पहाटे ज्या बाजूनं निघाला त्याच बाजूनं हा दुपारी वरून चालला होता, आणि मधल्या वेळात रेल्वेनं गेलेला माणूस इंदौरला जेवून झोपला असता. प्रभाकरभाऊनं खिडकीचं झाकण खाली ओढलं. विमानातल्या पोरीनं पाण्याचा कप पुढं केला. त्यानं मान वळवली.

इंदौरला उतरून, पेटी येईपर्यंत थांबून, शहराच्या गर्दीतून लेकीच्या बिल्डिंगखाली पोचला तेव्हा दुपार कलली होती. ओठांवर पापुद्रे आले होते. चौथ्या माळ्यावर त्यानं घंटी दाबली. दार उघडलं ते चेतननं.

आत काय झालं हे आत्ताच सांगून टाकलं तर गावानं तीन महिने जी मेहनत घेतली ती वाया जाईल. म्हणून आधी गावाचं ऐका.

त्याच रात्री प्रभाकरभाऊ परत आला. रजनीनं विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणाला आणि कूस वळवून झोपला. सकाळी दुकानात मधुकरनं सहज विचारलं किती वेळ लागला. हा पोती मोजू लागला. कोणी म्हटलं भाऊ, रायपूर किती दूर? याला ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी काचेखालचा विमानाचा पास गेला आणि लक्ष्मी पुन्हा मधोमध आली. लोकांनी ते पाहिलं. बस, गावाला आणखी काय लागतं. एकानं शंका काढली, दुसऱ्यानं तिला दार लावलं, तिसऱ्यानं दारात जवाई उभा केला. ज्यांच्या शेतात औषध लागू पडलं नव्हतं त्यांनी तर ही गोष्ट फवारणीसारखी मारली, दोन-दोन पंप.

रजनीनं लेकीला फोन केला. गायत्री हसली आणि म्हणाली, बाबांनाच विचार, मला त्यांनी शपथ घातली आहे. ही गोष्ट शेजारीण फोनजवळच असल्यामुळं सौंसरला त्याच संध्याकाळी पोचली, आणि गायत्री हसली हा भाग वाटेत गळून गेला.

प्रभाकरभाऊला सगळं कळत होतं. लोक चेतनला नावं ठेवतात, सुधाबाईला ठेवतात, लेकीचं घर मोडायला निघालेत, हे त्याच्या कानावर येत होतं. एक वाक्य बोलला असता तर सारं थांबलं असतं. पण त्या वाक्यात त्याची मिशी खाली येत होती. म्हणून तो गप्प बसला आणि स्वतःला सांगत राहिला की गावाचं तोंड कोण धरणार. गावाचं तोंड याच्याच खिशात होतं.

एप्रिलात केसरबाईच्या नातवाचं लग्न आलं. गायत्री हळदीच्या आदल्या दिवशी आली, एकटी, हातात बॅग. चेतनला सुटी लग्नाच्या दिवसाचीच होती. हे तिनं सांगितलं, पण बॅग सांगते ते लोकांना जास्त पटतं. बायकांत कुजबुज झाली की पाठवली वापस. रजनीची सौंसरची चुलत वहिनी छाया, दुसऱ्याच्या दुःखानं जिची तब्येत सुधारते अशी बाई, गायत्रीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "कोर्टात जाऊ नको वो माय, समजुतीनं घे." गायत्रीला काही कळलं नाही. ती नुसती पाहत राहिली.

मग हळद सुरू झाली. नवरदेव पाटावर. सवाष्णींनी एकेक करून हळद लावायची. ताट हातोहात फिरत होतं. आईकडून मावशीकडे, मावशीकडून काकूकडे. ताट छायाच्या हातात आलं, पुढं गायत्री बसली होती, हात पुढं करून. छायानं ताट तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला दिलं.

गायत्रीचा हात तसाच राहिला, मग तिनं तो मांडीवर ठेवला. रजनीनं तोंडाला पदर लावला.

प्रभाकरभाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं हे पाहिलं. मिशी, मेन रोड, पावणेतीनशे किलोमीटर, सगळं त्या एका ताटाखाली गेलं. तो बायकांच्या मधून वाट काढत केसरबाईच्या खाटेसमोर जाऊन उभा राहिला. पुन्हा घसा कोरडा.

"आत्याबाई," तो म्हणाला, "मले कोनी वापस नाई केलं. मी पोरीच्या घरी पाणी पेलो."

केसरबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "किती?"

"दोन पेले."

"अर्धी तहान ना रे ती?"

मागं कोणीतरी फस्सकन हसलं. तो मधुकर असावा. केसरबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. "अन पोरीले तीन महिने लोकाच्या तोंडी देऊन आता सांगून राहिला. इतक्या उशिरा पोचला, म्हणजे विमानानंच आला असशीन."

मांडवभर हसू पसरलं. प्रभाकरभाऊ खाली मान घालून उभा होता. तोंडानं विमानाचं नाव काढायचं नाही ही शपथ त्यानं पाळली होती, तेवढं मात्र त्याच्या नावावर लिहावं लागेल. पाळली ती अशी, की तिच्या आड पाणी प्यायल्याचं पापही लपलं.

केसरबाईनं छायाला बोलावलं, ताट मागून घेतलं, आणि ते गायत्रीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "लाव पोरी. अन ज्याले पटत नसन त्यानं आजचं जेवण घरी जाऊन करावं." जेवणाला पुरणपोळी होती. सगळ्यांना पटलं.

मग प्रभाकरभाऊकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "माह्या बापानं एकदा पेलं असतं, तं मी काही मरून नोती जात." एवढं बोलून तिनं त्याला जायला सांगितलं, कारण ही बायकांची जागा होती.

आजही पांढुर्ण्यात त्याच्या दुकानात कोणी पाणी मागितलं की मधुकर विचारतो, पूर्ण का अर्धी. प्रभाकरभाऊ पोती मोजू लागतो. इंदौरला आता रेल्वेनं जातो, आणि निघायच्या आधी तांब्याभर पाणी पितो.

तर खरं ते एवढंच. चेतननं दार उघडलं, सासऱ्याला आत घेतलं, पेटी उचलून ठेवली. सुधाबाईनं तिळगूळ दिला. संक्रांतीचा तिळगूळ नाकारता येत नाही, म्हणून प्रभाकर कळंब्यानं लाडू तोंडात टाकला. पहाटेपासून पाणी न लागलेल्या घशात तो अडकला. ठसका लागला, डोळे पांढरे झाले. गायत्रीनं पाण्याचा पेला हातात दिला. तो प्यायला. दुसरा त्यानं स्वतः मागितला. कुत्रं त्या घरात नाही.